सीडी-डीव्हीडीच्या डिस्कवर छपाई: कार्ट्रिज की बाटलीची शाई? काही महिने वापरल्यावर

टाक्यांत अर्ध्याच्या वर शाई, आणि प्रिंटर ठप्प. कारण काय, तर वेस्ट इंक पॅड, म्हणजे वाया जाणारी शाई शोषणारा तळचा स्पंज, भरलं. सर्व्हिसवाले म्हणतात पॅड वॉरंटीत बसत नाही. कुठे लिहिलंय विचारलं तर ‘ते झिजणारंच असतं’. हे सगळं त्या तिरीमिरीत लिहितोय, तेव्हा बाटलीने शाई भरायच्या या टाकीवाल्या प्रिंटरवर थोडा अन्याय होणार.

शाईच्या हिशेबात तो खरंच स्वस्त पडला. आधीचा कार्ट्रिजवाला होता. खोक्यावर ‘इतकी पानं’ छापलेलं असतं, त्याचा डिस्कवाल्यांना उपयोग शून्य. साध्या मजकुराचं ए4 पान 5 टक्के भरलेलं धरलं, तर शाई लागते जेमतेम 31 चौरस सेंटिमीटरला. डिस्कवर 23 ते 118 मिलिमीटर व्यासात छापलं तर भरतात 105. म्हणजे पूर्ण फोटो टाकला की एवढीशी चकती तीन पानांहून जास्त शाई पिते. आतला व्यास 43 आणि बाहेरचा 116 केला की 91 वर येतं. मी तेच ठेवतो. मधलं पांढरं कडं कुणाला खुपत असेल तर खुपो!

त्यात जुन्या प्रिंटरची एक खोड: डिस्क निवडली की मजकुराच्या काळ्या शाईला तो हातच लावायचा नाही, तिन्ही रंग मिसळून काळं करायचा. पिवळी संपली म्हणून काळी अक्षरं अडायची.

बाटलीमुळे ही कटकट गेली आणि पहिले काही आठवडे मी खूश होतो. पण डिस्क रोज कोण छापतं? खंड पडला की फिकट निळा अडकतो, नोझल चेकच्या (शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणाऱ्या चाचणीच्या) रेघा तुटक येतात, मग हेड क्लिनिंग, म्हणजे शाई ओढून ती छिद्रं साफ करणं. अडलेला रंग एक, पण शाई सहाही रंगांची ओढली जाते आणि थेट खालच्या स्पंजात. कार्ट्रिज असताना दर क्लिनिंगला जीव तुटायचा. बाटलीची शाई इतकी स्वस्त की ती गेल्याचं काही वाटत नाही. स्पंज मात्र भरत जातो, आणि त्याचा खर्च कुठल्याच तुलनेत धरलेला नसतो.

आता दर आठवड्याला सगळे रंग असलेलं छोटं चित्र साध्या कागदावर काढतो. क्लिनिंगपेक्षा कितीतरी कमी शाईत काम होतं. भलत्या कंपनीची शाईही भरून पाहिली. दुसऱ्या दिवशीही बोटाला लागत होती, परत नाही. नवा घेणार असाल तर शाईच्या भावाआधी मेंटेनन्स बॉक्स (वाया शाई जिथे जमते तो डबा) घरी बदलता येतो का ते बघा.

पॅड शेवटी पैसे भरूनच बदललं. पॅड किती भरलं ते मोजणारा प्रिंटरमधला काउंटर शून्यावर आणायचे वेगळे लावले, पावतीवर ‘सॉफ्टवेअर सेवा’ म्हणून.