गोडसे भटजी, लक्ष्मीबाई आणि रमाबाई: सध्या वाचत असलेली तीन पुस्तके

सध्या मी तीन जुनी मराठी पुस्तके आलटून पालटून वाचत आहे. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे ‘माझा प्रवास’, लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आणि रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ ही ती पुस्तके होत. यांची नावे बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेली असतात, एखादा उताराही शाळेत वाचलेला असतो, आणि तेवढ्या ओळखीवर समाधान मानून पुस्तक मात्र पूर्ण वाचायचे राहून जाते. ती सलग वाचण्यासारखी आहेत, आणि शक्य असेल तर एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत, हे सांगण्यासाठी हा परिचय लिहीत आहे. बाजारात त्यांच्या ज्या आवृत्त्या मिळतात त्यांच्या दर्जात बराच फरक असल्यामुळे त्याविषयीही काही लिहिणे आवश्यक वाटते.

‘माझा प्रवास’ हे तिघांत वयाने सर्वांत मोठे. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक कुटुंब कर्जात बुडालेले होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे दानधर्म होणार आहे, अशी वार्ता आली आणि तिशीच्या उंबरठ्यावरचे विष्णुभट आपल्या काकांबरोबर १८५७ च्या आरंभी उत्तरेकडे निघाले. हेतू एवढाच की दक्षिणा मिळवावी, कर्ज फेडावे आणि जमल्यास काशीयात्रा करावी. घरच्यांना चिंता होती ती हिंदुस्थानातल्या भांगेची आणि तिकडच्या मोहात पाडणाऱ्या बायकांची. बंडाची कल्पना कोणालाच नव्हती. महूच्या आसपास शिपायांकडून पुढे काय घडणार आहे याची कुणकुण लागते, आणि तेथून पुढे हा यात्रेकरू इतिहासाच्या ऐन तडाख्यात सापडतो.

या पुस्तकाची खरी मौज लेखकाच्या नजरेत आहे. विष्णुभटांना राजकारणात फारसे स्वारस्य नाही. कोणाच्या घरी कोणते अनुष्ठान झाले, पंगत कशी होती, दक्षिणा किती मिळाली, हे ते तितक्याच आस्थेने सांगतात जितक्या आस्थेने तोफांचे गोळे कसे पडत होते हे सांगतात. मार्च १८५८ मध्ये ब्रिटिश सेनापती सर ह्यू रोज यांच्या सैन्याने झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरात होते. एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडल्यावर गोऱ्या सैनिकांनी केलेली कत्तल आणि लूट त्यांनी लपून राहून सोसली, आणि साठवलेली पुंजीही गमावली. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची झालेली नासधूस सांगताना या माणसाचा स्वर जसा हलतो तसा स्वतःच्या पैशांविषयी सांगतानाही हलत नाही, हे मला विशेष वाटले. पुढे काल्पीच्या वाटेवर पराभूत, तहानलेल्या राणी लक्ष्मीबाई विहिरीपाशी त्यांना भेटतात, भटजींना पाणी काढू न देता स्वतः पाणी काढून पितात आणि आपल्या नशिबाविषयी चार शब्द बोलतात. हा प्रसंग मराठी गद्यातल्या सर्वोत्तम प्रसंगांपैकी एक आहे असे मी नि:संकोचपणे म्हणेन, कारण त्यात पराक्रमाचा एकही अलंकार नाही.

तथापि हा ग्रंथ इतिहासाचे साधन म्हणून वाचताना सावध राहावे लागते. प्रवास संपल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, इतिहासलेखक चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी हे लिहून काढले. स्वतः पाहिलेले आणि लोकांच्या तोंडून ऐकलेले यांत ते पुष्कळदा फरक करीत नाहीत. झाशीचे राजे गंगाधरराव यांच्याविषयीच्या गोष्टी तर सरळसरळ गावगप्पा आहेत, आणि त्या तशाच समजून वाचल्या तर फार रंजक आहेत. आणखी एक बाब अशी की सरकारच्या भीतीमुळे पुस्तक लेखकाच्या हयातीत छापले गेले नाही. वैद्यांनी ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केले, तेही मजकुरात आणि भाषेत फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांच्या हाती आला तो १९६६ मध्ये, इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदारांच्या संपादनामुळे. म्हणजे ‘माझा प्रवास’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळी पुस्तके फिरत असतात. वैद्यांचा पाठ गुळगुळीत आणि सोपा आहे. पोतदारांच्या पाठात वाक्ये अडखळतात, विरामचिन्हांचा हिशेब लागत नाही, पण भटजींचा आवाज ऐकू येतो. माझी पसंती पोतदारांच्या पाठाला आहे.

‘स्मृतिचित्रे’ वाचायला घेतले की १८५७ पुन्हा समोर उभे राहते, मात्र अगदी वेगळ्या रूपात. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील त्या बंडाच्या प्रकरणात फाशी गेले, आणि त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे असे वेड लागले की बाजारातून आलेले मीठ आणि साखरसुद्धा धुण्यावाचून सुटत नसे. विष्णुभटांच्या पुस्तकात सोवळे ही श्वासासारखी सहज गोष्ट आहे, तिच्याकडे लक्ष वेधण्याची त्यांना गरजच वाटत नाही. लक्ष्मीबाईंच्या पहिल्याच प्रकरणांत तेच सोवळे घरातल्या बायकामुलांची काय दशा करते ते दिसते. दोन्ही पुस्तके जवळजवळ वाचण्याचा लाभ मला येथे सर्वांत अधिक जाणवला.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या या मुलीचे लग्न बालवयात नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, बुद्धिमान आणि अत्यंत बेभरवशाचे होते. हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणे, न सांगता परगावी निघून जाणे, संतापाच्या भरात काहीही करून बसणे आणि मग तितक्याच उत्कटतेने पश्चात्ताप करणे, हा त्यांच्या संसाराचा नित्यक्रम होता. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची काही वर्षे पतीपासून दूर, मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने काढलेली आहेत, आणि या काळाचे वर्णन करतानाही लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धी शाबूत आहे, ही या पुस्तकाची सर्वांत थक्क करणारी गोष्ट होय. तो विनोद कडू नाही. पतीची चेष्टा त्या करतात, स्वतःची त्याहून अधिक करतात, आणि चेष्टा करता करता वाचकाच्या डोळ्यांत पाणी केव्हा येते ते समजत नाही.

जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःशीच झगडतात, तो माणसाने केला असा निर्णय घेतात आणि त्या क्षणापासून तो निर्णय पाळतात. कोणाच्या उपदेशाने नव्हे, तर स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या भांड्यापाशी पुनःपुन्हा आलेल्या अनुभवाने ही स्त्री तेथवर पोहोचलेली आहे, म्हणून ती पाने पटतात. १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण धर्मांतराची कथा म्हणून हे पुस्तक वाचले तर त्यातला निम्मा ऐवज हातून निसटेल. प्लेगचे दिवस, घरात आणून सांभाळलेली परकी मुले, नगर आणि राहुरीकडची माणसे, भांडणे, आजारपणे, उसनवारी हे सर्व त्यात आहे. शालेय शिक्षणाचा गंध नसलेल्या आणि नवऱ्याकडून घरी अक्षरे शिकलेल्या बाईने हे लिहिले, असे कौतुक अनेकदा केले जाते. मला ते अपुरे वाटते, कारण प्रसंग कोठे सुरू करावा आणि कोठे तोडावा याची जी जाण त्यांच्यापाशी आहे ती पुष्कळ शिकलेल्या लेखकांपाशी नसते. मूळ पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाले. विकत घेताना चारही भाग आहेत ना, हे अनुक्रमणिकेवरून पडताळून घ्यावे, कारण संक्षिप्त आवृत्त्याही मिळतात आणि मुखपृष्ठावर तसा उल्लेख ठळकपणे असतोच असे नाही. संक्षेपात पहिला बळी जातो तो अशा किरकोळ माणसांचा आणि फुटकळ प्रसंगांचा, ज्यांच्यामुळे हे पुस्तक मोठे झाले आहे.

रमाबाई रानड्यांच्या ‘आठवणी’ १९१० मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांची त्यांना प्रस्तावना आहे. या तिघांत हे पुस्तक मला सर्वांत अवघड गेले. भाषा सोपी आहे, परंतु लेखिकेची पतीविषयीची भक्ती इतकी अढळ आहे की तिच्या स्वतःच्या मनाचा ठाव लागायला वेळ लागतो. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आज्ञेने १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, ती मुलगी म्हणजे रमाबाई. या विसंगतीवर त्या कधी बोट ठेवत नाहीत. उलट १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून वाद उठला आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, त्याविषयीही पतीची बाजू समजून घेण्याचीच रमाबाईंची वृत्ती आहे.

मात्र घरातल्या बायकांचे प्रसंग आले की लेखणी मोकळी होते. पती शिकवतात म्हणून शिकायचे, आणि शिकते म्हणून सासरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी खायची, असा दुहेरी जाच त्यांनी वर्षानुवर्षे सोसला. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी पुण्यात भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजी निवेदन वाचले. सभेतल्या टाळ्यांपेक्षा घरी परतल्यावर ऐकावे लागलेले टोमणे त्यांनी अधिक बारकाईने नोंदवले आहेत. कोलकात्यातल्या मुक्कामात न्यायमूर्ती दाढी करायला आलेल्या न्हाव्याला बंगाली शब्दांचे अर्थ विचारत बसतात, तो प्रसंग तर रानड्यांच्या कोणत्याही गंभीर चरित्रापेक्षा त्यांना अधिक जवळ आणतो. ज्यांना कंटाळ्याची भीती वाटते त्यांनी सुरुवातीची वर्णने भराभर ओलांडून पुण्यातल्या घरच्या प्रकरणांपाशी यावे.

आता आवृत्त्यांविषयी. या तिन्ही ग्रंथांच्या लेखकांना जाऊन साठ वर्षांहून कितीतरी अधिक काळ लोटल्यामुळे मूळ मजकुरावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही आणि ती कोणीही छापू शकतो. त्यामुळे किमती आवाक्यात राहिल्या हा लाभ. पण कोणता पाठ छापला आहे हे न सांगता पुस्तक बाजारात आणणारेही निर्माण झाले. मी मागवलेल्या एका स्वस्त आवृत्तीत संपादकाचे नाव नव्हते, आधार कोणत्या आवृत्तीचा घेतला याचा उल्लेख नव्हता, आणि जुनी अनुस्वारयुक्त रूपे काही पानांवर ठेवलेली तर काही पानांवर काढून टाकलेली होती. पाठपुठ्ठ्यावरचा मजकूर मात्र उत्साही होता. अशा प्रतीवर पैसे घालवण्यापेक्षा थोडी अधिक किंमत देऊन प्रस्तावना, टिपा आणि शब्दार्थ असलेली आवृत्ती घ्यावी. ‘माझा प्रवास’ला नकाशा जोडलेला असेल तर फारच उत्तम, कारण वरसई ते काशी आणि परत, गंगेच्या पाण्याची कावड घेऊन, हा मार्ग डोळ्यांसमोर नसेल तर मधल्या भागात वाचक हरवतो. ‘स्मृतिचित्रे’ला नातेसंबंधांचा तक्ता हवा, प्रत्यक्षात तो क्वचितच असतो, तेव्हा वाचता वाचता शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तो स्वतःच करावा.

मराठी वाचणे सवयीचे नसलेल्या, विशेषतः परदेशात वाढलेल्या तरुण नातलगांना द्यायचे असेल तर ‘स्मृतिचित्रे’चा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे, आणि ‘माझा प्रवास’चेही इंग्रजी अनुवाद झालेले आहेत. हिंदी वाचकांसाठी अमृतलाल नागर यांनी गोडसे भटजींना फार पूर्वीच हिंदीत नेले. मराठी वाचकाने मात्र मूळच वाचावे, आणि क्रम विचाराल तर आधी लक्ष्मीबाई, मग भटजी, शेवटी रमाबाई असा ठेवावा. लक्ष्मीबाई पहिल्या पानापासून हात धरून नेतात. भटजींच्या भाषेशी जमवून घ्यायला काही पाने द्यावी लागतात. आणि रमाबाईंचे मौन ऐकू येण्यासाठी आधीच्या दोघांचा मोकळेपणा अनुभवलेला असणे उपयोगी पडते. पोतदारांची आवृत्ती दुकानात न मिळाल्यास गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात संदर्भ विभागात विचारावी. तेथे ती बहुधा घरी नेता येत नाही, परंतु बसून वाचण्यास कोणी हरकत घेत नाही.