टेस्टोस्टेरॉनचे नऊ महिने: सुई सोपी, तारखा अवघड

मी ट्रान्स पुरुष. दर तीन आठवड्यांनी सस्टॅनॉन २५० हे टेस्टोस्टेरॉनचं (पुरुषी हार्मोनचं) इंजेक्शन, कमरेखाली स्नायूत. पुण्यात नऊ महिने झाले. आवाज तिसऱ्या महिन्यात फुटला, पाळी चौथ्यात थांबली, पाठीवरची मुरुमं अजून मुक्कामाला आहेत. हे सगळे सांगतातच. माझा घोळ झाला तो रक्ततपासणीत.

सुरुवातीला एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या डॉक्टर) मॅडमनी हिमोग्लोबिन, लिव्हर, लिपिड, साखर, बीपी सगळं बघून घेतलं. पुढेमागे मूल हवं असेल तर बीजांडं आधीच गोठवायचा विचार करा, हेही आडपडदा न ठेवता बोलल्या. मग विचारलं, "शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी?" हे औषध शेंगदाण्याच्या तेलात असतं म्हणे. आमच्याकडे कोशिंबिरीपासून खिचडीपर्यंत कूट. अ‍ॅलर्जी असती तर बारशालाच कळलं असतं.

तीन महिन्यांनी पहिली तपासणी. मी सोयीचा रविवार गाठून रक्त दिलं, इंजेक्शनच्या दुसऱ्याच दिवशी. टेस्टोस्टेरॉन १३४०! मी खूश, मॅडमनी रिपोर्ट बाजूला सारला. सुईनंतर पातळी उसळते, मग उतरत जाते, त्यामुळे कितव्या दिवशीचं रक्त हे धरल्याशिवाय आकडा वाचता येत नाही. पुढच्या सुईच्या दिवशी सकाळी, टोचण्याआधी रक्त द्यायचं. तसं दिलं तर ३९०. डोस तोच ठेवला. पहिल्या तपासणीचे पैसे पाण्यात.

सहाव्या महिन्यात लॅबने फॉर्मवर 'स्त्री' टिक केलं आणि हिमोग्लोबिन १५.६ पुढे लाल बाण आला. आईने "रक्त दाट झालंय" म्हणत लसणाच्या पाकळ्या सुरू केल्या. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतातच, म्हणून हा आकडा पुरुषांच्या रेंजशी ताडायचा. मॅडमची खरी नजर हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत त्यावर. माझं ३७ वरून ४७ झालंय. ५४ च्या वर गेलं तर डोस थांबवतात किंवा कमी करतात, गुठळीचा धोका असतो. आता काउंटरवरच सांगतो, दोन्ही रेंज छापा. कधी छापतात, कधी नुसतं बघतात.

आणि हो, पाळी थांबली म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नाही. हे मला विचारल्यावर कळलं, आपणहून सांगायला हवं होतं.

पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी तपासणी, मग वर्षातून एक-दोनदा. पुढची नेमकी संकष्टीला आलीय. लिपिडसाठी उपाशीपोटीच जायचंय, त्यामुळे आई खूश.