गावाचा भूआच्छादन नकाशा: हाताने काढायचा, यंत्राकडून करून घ्यायचा की तयार उचलायचा?

पाणलोटाचं काम करणारे कार्यकर्ते, भूगोलाचे एमएस्सीचे विद्यार्थी, कधी एखादे उत्साही सरपंच, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "उपग्रहाच्या चित्रावरून गावात जंगल किती, शेती किती, पडीक किती हे काढायचंय. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" असा नकाशा म्हणजे भूआच्छादन नकाशा. सॉफ्टवेअर नंतर बघू. तुम्हाला दिसायला हवी अशी सगळ्यात लहान गोष्ट किती गुंठ्यांची आहे, ते आधी सांगा.

गुंठा मुद्दाम म्हणतोय. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक पिक्सेल (चित्राचा सगळ्यात लहान चौकोनी ठिपका) १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर असतो आणि एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा, इतका सोयीचा हिशेब क्वचितच जमतो. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचा ३० मीटरचा पिक्सेल जवळजवळ नऊ गुंठ्यांचा. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याचा २३.५ मीटरचा पिक्सेल साडेपाच गुंठ्यांचा आणि लिस-४ चा ५.८ मीटरचा पिक्सेल गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. पण एका पिक्सेलवर वस्तू ओळखू येत नाही. ती ठामपणे सांगायला निदान आठ-दहा पिक्सेल लागतात. म्हणजे सेंटिनेलवर आठ-दहा गुंठ्यांचा तुकडा धरता येतो, लँडसॅटवर दोन एकरांच्या आतलं काही नाही. तीन गुंठ्यांचं शेततळं किंवा ओढ्याकाठची बाभळीची रांग हवी असेल तर ती बारीक चित्रावर डोळ्यांनी पाहून हातानेच काढावी लागते.

आता पर्याय. तयार नकाशे आहेत, गूगल अर्थ प्रो आहे, क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये हाताने डिजिटायझेशन (चित्रावरून हद्दी गिरवणं) आहे आणि यंत्राकडून, म्हणजे संगणकाकडून, वर्गीकरण (प्रत्येक पिक्सेल जंगल, शेती अशा एखाद्या वर्गात टाकणं) आहे. आर्कजीआयएस प्रो हे विकतचं सॉफ्टवेअर कार्यालयात आधीपासून असेल तर खुशाल वापरा. एका गावासाठी त्याचं लायसन्स विकत घ्यायचं कारण मला दिसत नाही.

तयार नकाशे

युरोपीय अंतराळ संस्थेचा वर्ल्डकव्हर १० मीटरचा आहे, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी. गूगलचा डायनॅमिक वर्ल्डही १० मीटरचाच, त्यात नऊ वर्ग आहेत आणि नवी चित्रं येतील तशी भर पडत जाते. तालुक्याचा ढोबळ अंदाज अर्ध्या तासात मिळतो. पण हे वर्ग जगासाठी ठरवलेत, तुमच्या गावासाठी नाही. वर्ल्डकव्हरच्या व्याख्येत बहुवर्षायू फळझाडं शेतीत धरलेली नाहीत, ती वृक्षाच्छादनात जातात. म्हणजे रत्नागिरीतली हापूसची बाग आणि शेजारची देवराई एकाच हिरव्या रंगात. बागायतदाराला हे दाखवून बघा, तो काय म्हणेल ते इथे छापता येणार नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने १:५०,००० प्रमाणावर २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ साठी भूवापराचे नकाशे केले, ते इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर पाहता येतात. वर्ग भारतीय परिस्थितीचे आहेत हा मोठा फायदा. जिल्हा आराखड्याला उत्तम, वाडीच्या पातळीवर जाड.

गूगल अर्थ प्रो की क्यूजीआयएस

हाताने काढायचं ठरवलं की बहुतेक जण गूगल अर्थ प्रोकडे वळतात. २०१५ पासून ते फुकट आहे, चित्र सुंदर असतं आणि जुन्या तारखांची चित्रं मागे सरकवून पाहता येतात. ही शेवटची सोय अनमोल आहे. मीही ते रोज उघडतो, पण बघायला.

काढायला नाही, कारण त्यात प्रत्येक पॉलिगॉन (हद्दीने बंद केलेला तुकडा) स्वतंत्र असतो. शेजारच्या दोन शेतांची हद्द तुम्ही दोनदा काढता आणि ती कधीच तंतोतंत जुळत नाही. कुठे फट राहते, कुठे एकावर एक चढतं. मी पहिलं गाव असंच काढलं होतं. सगळ्या तुकड्यांची बेरीज गावाच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त भरली, तेव्हा कळलं.

क्यूजीआयएसमध्ये यावर साधी युक्ती आहे. वड्या कशा पाडतो आपण? ताटात मिश्रण थापतो आणि सुरीने कापतो. वेगवेगळ्या वड्या करून शेजारी मांडत नाही. तसंच आधी गावाच्या शिवेचा एकच मोठा पॉलिगॉन घ्यायचा आणि तुकडे करण्याच्या साधनाने तो कापत जायचा: आधी रस्ता आणि ओढा, मग डोंगर, मग शेतं. फट राहणारच नाही, बेरीज चुकणारच नाही. नंतर एखादी हद्द हलवायची वेळ आली तर टोपोलॉजिकल एडिटिंग चालू ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू एकदम हलतात.

दोन खड्डे आधीच सांगतो. नकाशाची फाइल जिओपॅकेज या प्रकारात ठेवा, शेपफाइल या जुन्या प्रकारात नको. शेपफाइलला रकान्याचं नाव दहा बाइटांपुरतंच चालतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे 'भूआच्छादन' लिहायला जाल तर पहिल्या तीन चिन्हांतच जागा संपते. दुसरं, क्षेत्रफळ मोजण्याआधी लेअर (नकाशाचा थर) यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात, न्या. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला ४३ उत्तर झोन, पूर्वेला ४४. म्हणजे पुणे, नाशिक, अकोला ४३ मध्ये. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये.

पार्श्वभूमीला कोणतं चित्र घेता याकडेही लक्ष असू द्या. काढलेला नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या नकाशावर चढवायचा असेल तर गूगलच्या चित्रावरून गिरवलेलं तिथे चालत नाही, मायक्रोसॉफ्टच्या बिंगचं चालतं. आणि या चित्रांची तारीख तपासा. एकाच गावाचा अर्धा भाग एका वर्षीचा, अर्धा दुसऱ्या वर्षीचा असं सर्रास असतं. मेमधलं चित्र बघून अख्खं शिवार पडीक ठरवणारे नकाशे मी पाहिलेत.

हातकामाला वेळ किती? सुमारे हजार हेक्टरच्या गावाला मला आठवडाभर लागतो, त्यात दोन दिवस प्रत्यक्ष फिरण्याचे. पाच गावांपर्यंत हे झेपतं. पन्नास गावं असतील तर दुसरा मार्ग धरा.

यंत्राकडून वर्गीकरण

इथे दोन वाटा. क्यूजीआयएसला सेमी-ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन प्लगइन जोडायचं आणि चित्रं उतरवून आपल्याच लॅपटॉपवर चालवायचं. किंवा गूगल अर्थ इंजिनवर सगळं त्यांच्या सर्व्हरवर करायचं. पहिल्यात कोड लिहावा लागत नाही, पण सेंटिनेलच्या एकेका चित्राची फाइल शेकडो एमबीची आणि तालुक्याच्या गावातलं इंटरनेट तुम्हाला माहीत आहेच. दुसऱ्यात काही उतरवावं लागत नाही, पण जावास्क्रिप्ट किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीतरी यायला हवी. अर्थ इंजिन संशोधनाला आणि बिगरव्यावसायिक कामाला फुकट आहे. पैसे घेऊन सल्ला देत असाल तर अटी वाचा. माझा कौल अर्थ इंजिनला, कारण त्यात तीन हंगामांची चित्रं एकावर एक रचणं सोपं जातं.

आणि तीन हंगाम लागतातच. पावसाळ्यात ढग, म्हणून खरीप धरायला ऑक्टोबरची किंवा नोव्हेंबरची सुरुवात, रब्बीला जानेवारी-फेब्रुवारी, आणि एप्रिल-मे बारमाही हिरव्यासाठी. नुसतं जानेवारीचं चित्र दिलंत तर सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान यंत्राला पडीक वाटतं. नुसतं मेचं दिलंत तर पानगळीचं जंगल उघडा डोंगर ठरतं.

यंत्र कुठे फसतं हे ठरलेलं आहे. सेंटिनेल सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला खाली असतो, त्यामुळे सह्याद्रीच्या वायव्य उतारांवर गडद सावली पडते आणि यंत्र तिथे तळी दाखवतं. कोकणातल्या वाड्या माडा-पोफळीखाली झाकलेल्या, म्हणून घरं गायब होतात. उलट, उघडा कातळसडा बांधकाम म्हणून मोजला जातो. उजनी धरणाच्या फुगवट्याला जा: नोव्हेंबरात पाणी, मेमध्ये त्याच जागी गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळातली पेरणी). ते पाणी म्हणायचं की शेती, हे यंत्र ठरवणार नाही. तुम्ही आधी ठरवून लिहून ठेवायचं.

गायरानाचंही तसंच. गायरान हा जमिनीच्या नोंदीचा प्रकार आहे, आच्छादनाचा नाही. आकाशातून गवत दिसतं, सातबारा दिसत नाही.

अचूकता तपासताना प्रत्येक वर्गाचे पन्नासेक बिंदू घ्यावेत असा प्रघात आहे. यंत्राला शिकवायला वापरलेल्या, म्हणजे हे जंगल, हे शेत असं आधी दाखवून दिलेल्या, तुकड्यातलेच बिंदू तपासायला घेतलेत तर निकाल नव्वद टक्क्यांच्या वर जातो आणि त्याला काडीचा अर्थ नसतो. जुने बदल दाखवायचे असतील, म्हणजे १९९० आणि आज, तर लँडसॅटशिवाय इलाज नाही. पण दोन्ही वर्षं एकाच पद्धतीने करा. एक हाताने आणि एक यंत्राने केलंत तर दिसणारा फरक जमिनीतला की पद्धतीतला, ते सांगता येत नाही.

मग मी काय करतो

दोन-चार गावं आणि दरवर्षी तुलना हवी असेल तर मिश्रण. शेतांच्या हद्दी क्यूजीआयएसमध्ये एकदाच हाताने काढायच्या. बांध कोरणारे शेजारी सोडले तर बांध दरवर्षी हलत नाहीत, पीक हलतं. मग दर हंगामाला सेंटिनेलवरून वर्गीकरण करायचं आणि झोनल स्टॅटिस्टिक्स या साधनाने प्रत्येक शेतात कोणत्या वर्गाचे पिक्सेल जास्त आहेत ते भरून घ्यायचं. बांधावरचे पिक्सेल मिसळलेले असतात, म्हणून हद्द आतल्या बाजूने १० मीटर आवळून घ्यायची. चौरस आकाराच्या दहा गुंठ्यांच्या तुकड्यात असं केलं की जेमतेम एक पिक्सेल उरतो. अशा तुकड्यांची यादी वेगळी काढून ठेवतो आणि ते पायी जाऊन बघतो.