एक दिवस वंडरला, दोन दिवस इमॅजिका: गोव्याहून सात रात्रींचा बेत

सात रात्री हाताशी असल्या की बहुतेक घरांत साडेतीन दिवस इकडे, साडेतीन दिवस तिकडे असा हिशेब मांडला जातो. बंगळुरूजवळ बिडदीचे वंडरला आणि खोपोलीजवळचे इमॅजिका या दोन करमणूक पार्कांच्या बाबतीत तो चुकतो. वंडरला एका भरगच्च दिवसात मनासारखे होते, दुसऱ्या दिवशी त्याच राइड्सच्या रांगांत उभे राहायला मुलांनाही उत्साह उरत नाही. इमॅजिकात मात्र थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क अशी तीन वेगळी ठिकाणे आहेत आणि ती एका दिवसात कोंबली तर तिन्ही अर्धवट राहतात. म्हणून बिडदीला दोन रात्री, खोपोलीला तीन आणि येण्याजाण्याच्या दोन रात्री गाडीत, अशी वाटणी आम्ही सुचवतो.

क्रमही महत्त्वाचा. गोवा, बंगळुरू, खोपोली आणि परत गोवा असा त्रिकोण केला तर एकही रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. शनिवारी रात्री वास्को-यशवंतपूर गाडी पकडायची. ती रोज सुटते आणि मडगाव, सावर्डे, कुळे, लोंढा, हुबळी करत दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला यशवंतपूरला पोचते. त्यामुळे वंडरला सोमवारी येते आणि इमॅजिका बुधवार-गुरुवारी, म्हणजे दोन्हीकडची शनिवार-रविवारची गर्दी टळते. मुंबई आणि पुणे दोन्ही शहरे इमॅजिकाला जवळ असल्याने तिथला रविवार आणि बुधवार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आपल्या तारखांना दोन्ही पार्क किती वाजेपर्यंत उघडी आहेत, कोणती राइड देखभालीसाठी बंद आहे, हे मात्र तिकीट काढण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

यशवंतपूरहून बिडदी ३५ किलोमीटरच्या पुढे आहे. रविवारी दुपारी रस्ता बरा असतो, तरी दीड तास धरा. नवा बंगळुरू-म्हैसूर एक्सप्रेसवे बिडदी गावाला वळसा घालून जातो, त्यामुळे चालकाने सवयीने तोच धरला तर बिडदीची तट्टे इडली हुकते. ताटलीएवढी पसरट, मऊ इडली, वर लोण्याचा गोळा, बाजूला चटणी. जुन्या रस्त्याने घ्यायला सांगा आणि एकेका माणसाला एकच मागवा, दोन संपत नाहीत.

वंडरला बिडदीला २००५ मध्ये सुरू झाले, त्याला लागूनचे ८४ खोल्यांचे रिसॉर्ट २०१२ मध्ये. खोल्या साध्या, पण पार्कला चिकटून राहण्याची सोय ही या रिसॉर्टची खरी किंमत आहे: दुपारी दमलेल्या लहान मुलाला घेऊन एकाने खोलीवर जायचे, बाकीच्यांनी राइड्स चालू ठेवायच्या. शहरातल्या हॉटेलात उतरलात तर हे जमत नाही. पुन्हा आत येण्यासाठी हाताला शिक्का लागतो की पट्टी, हे बाहेर पडण्यापूर्वी फाटकावर विचारून घ्यावे. रविवारी संध्याकाळी रिसॉर्टच्या तलावात पोहणे, लवकर जेवण आणि झोप एवढेच ठेवा. रात्रभर रेल्वेत हललेली मुले सोमवारी ताजी असायला हवीत.

सोमवारी फाटक उघडायच्या अर्धा तास आधी रांगेत असा. वंडरलात पाण्याच्या राइड्स दिवसभर चालत नाहीत, त्या दुपारी सुरू होतात आणि पार्क बंद व्हायच्या बऱ्याच आधी थांबतात. सकाळचा तास-दीड तास फक्त कोरड्या राइड्सचा असतो आणि तोच सर्वांत मोलाचा. पहिली रिकॉइल, म्हणजे इथला रोलर कोस्टर. ही गाडी आधी उलटी मागे खेचत उंचावर नेतात, सोडतात, ती वळणे आणि वर्तुळ घेत समोरच्या चढावर जाते आणि तोच मार्ग पाठमोरा परत येते. या रचनेत रुळावर एका वेळी एकच गाडी असू शकते. लोक उतरणार, नवे बसणार, कुलपे तपासणार, मग फेरी. रांग म्हणूनच मुंगीच्या पावलांनी सरकते, माणसे कमी दिसली तरी. सकाळी पंधरा मिनिटांत जमणारे काम दुपारी तासाभराचे होते. तिच्यानंतर इक्विनॉक्स, इन्सॅनिटी, फ्लॅश टॉवर यांतल्या झेपतील त्या दोन घ्या आणि पाणी सुरू होताच तिकडे वळा. जेवण पाण्यानंतरच करा, त्याआधी फार तर फळे आणि ताक. भरल्या पोटी गरगर फिरणाऱ्या राइडवर काय होते ते सांगायला नको.

पाण्याच्या कपड्यांवर बऱ्याच कुटुंबांचा खोळंबा होतो. नायलॉन, पॉलिस्टर किंवा लायक्राच लागते. सुती टी-शर्ट, जीन्स, सलवार, साडी यांना पाण्यात परवानगी मिळत नाही आणि त्यामागे कारण आहे. सुती कापड पाणी पिऊन जड होते, घसरगुंडीवर अंगाला ओढ बसते, सुटे धागे गाळणीत अडकतात. धातूच्या चेन आणि बटणांनी घसरगुंडीचा पृष्ठभाग खरवडतो. आतल्या दुकानात कपडे मिळतात, पण माप आणि भाव दोन्ही आपल्या मनासारखे नसतात. म्हापसा किंवा मडगावच्या बाजारातून प्रत्येकी दोन जोड आधीच घ्या. सोमवारचे ओले कपडे मंगळवारी सकाळपर्यंत वाळत नाहीत आणि गुरुवारी पुन्हा लागतात. ओल्यासाठी जाड प्लास्टिकची पिशवीही हवी. रेन डिस्कोत, म्हणजे काळोख्या दालनात वरून पडणाऱ्या कोमट पावसात, पाऊण तास सहज जातो आणि बाहेर आल्यावर वाऱ्याने मुले कुडकुडतात. टॉवेल तिथेच जवळच्या लॉकरमध्ये ठेवा, खोलीवर नको.

तिकिटाचा हिशेब वयावर नसून उंचीवर असतो. वंडरलात ८५ सेंटिमीटरच्या आतले मूल फुकट, तिथपासून १४० पर्यंत लहान मुलांचे तिकीट. मोठ्या थरारक राइड्सनाही साधारण १४० चीच अट असते. घरी भिंतीला पाठ टेकवून, अनवाणी मोजा. १३७ सेंटिमीटरच्या मुलाला रांगेच्या तोंडावर परत पाठवतात तेव्हा तो जो हिरमुसतो, त्याने उरलेला दिवस जातो. त्याला आधी सांगून ठेवले तर हे टळते. घरात अशी दोन मुले असतील तर मोठ्यांनी पाळीपाळीने थांबायचे हे सकाळीच ठरवावे.

मंगळवार प्रवासाचा, आणि या आठवड्यातली सर्वांत महाग चूक इथे होते. बिडदी बंगळुरूच्या नैऋत्येला, विमानतळ पार उत्तरेला देवनहळ्ळीजवळ. मध्ये अख्खे शहर. नकाशावर दोन तास दिसले तरी तीन तास हातात ठेवा आणि सकाळच्या कचेरीच्या वेळेत रस्त्यावर पडूच नका. दहाला खोली सोडून तीननंतरचे विमान धरणे शहाणपणाचे. पॉवर बँक हातातल्या पिशवीत घ्या. ती सामानात गेली तर बॅग उघडायला परत बोलावतात. उतरायला नवी मुंबईचा विमानतळ सर्वांत सोयीचा, तो पनवेलच्या बाजूलाच आहे आणि पनवेलहून इमॅजिका ४० किलोमीटरच्या आसपास. मुंबईचा जुना विमानतळही चालतो. पुण्याला उतरलात तर आधी शहर ओलांडायचे आणि मग खंडाळ्याचा घाट उतरायचा, संध्याकाळी हे जिवावर येते. बंगळुरूहून मुंबईकडे रेल्वेने यायचे तर एक पूर्ण दिवस-रात्र गाडीतच जाते, या बेतात तेवढी सवड नाही.

इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले, वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी, स्नो पार्क २०१६ मध्ये. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. शेजारचे नोव्होटेल २८७ खोल्यांचे आहे, पार्क अगदी पायाखाली, आणि वंडरलाच्या रिसॉर्टपेक्षा ऐसपैस. गुरुवारची तिसरी रात्रही इथेच लावावी असे आम्ही आग्रहाने म्हणतो, कारण संध्याकाळी पार्कमधून बाहेर पडून पुन्हा गाडीत बसावे लागत नाही. खोली आणि तिकिटे एकत्र असलेली योजना घेताना त्यात थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही आहेत का, की त्यांपैकी एकच, हे नीट वाचा. स्नो पार्कचे बहुधा वेगळे पैसे पडतात.

बुधवारी सकाळी थेट नायट्रो. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीने बांधलेला हा रोलर कोस्टर या संपूर्ण आठवड्याचा कळस आहे. ४० मीटर उंची, ताशी १०५ किलोमीटरपर्यंत वेग आणि पाच वेळा डोके खाली. बसल्यावर खांद्यावरची चौकट खाली येते, कर्मचारी एकेकाची ओढून तपासतो, आणि मग पायाखालची जमीन सरकते. खरोखरची, लोखंडी फळ्यांची. पाय मोकळे लोंबतात आणि गाडी चढाला लागते. चपला म्हणूनच आधी काढून ठेवायच्या. पहिल्या रांगेसाठी वेगळी ओळ असते. सकाळी दहा मिनिटे जास्त थांबायची तयारी असेल तर तीच घ्या, समोर फक्त आकाश उरते. दुसरी स्क्रीम मशीन. एवढे झाले की उन्हातले मोठे काम संपले.

खोपोलीचे ऊन गोव्यासारखेच दमट. बारा ते चार बंदिस्त, थंड दालनांसाठी राखून ठेवा. इमॅजिकाचे वेगळेपण तिथेच आहे आणि वंडरलाहून ते इथे सरस ठरते. आय फॉर इंडियात पाय अधांतरी ठेवून मोठ्या पडद्यापुढे देशाच्या डोंगर-किनाऱ्यांवरून उडायला मिळते, आजी-आजोबांनाही झेपते. रॅथ ऑफ द गॉड्समध्ये आग, वारा, पाणी समोर येते. अलीबाबात हातात बंदूक घेऊन गुण मिळवायचे, त्यामुळे आठ-दहा वर्षांची मुले तिथून हलत नाहीत. सलीमगढमध्ये भुते आहेत, पाचच्या आतल्यांना नेऊ नका. मिस्टर इंडियाच्या राइडबद्दल एक सावधगिरी: डोळ्यांना प्रचंड वेग दिसतो, शरीर मात्र खुर्चीतच हलत असते, या विसंगतीने कानातला तोल बिघडतो आणि मोठ्या कोस्टरपेक्षाही इथे जास्त जणांना मळमळते. बसमध्ये ज्यांना लागते त्यांनी डोळे पडद्याच्या मधोमध ठेवावेत, नाही जमले तर मिटावेत. राजासॉरसची बोट संध्याकाळी चारनंतर. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे अवशेष सापडले त्या डायनासोरचे नाव तिला आहे, शेवटच्या उतारावर अंग चिंब होते आणि ओल्या कपड्यांनी थंड दालनात बसण्याचा त्रास तेव्हा उरलेला नसतो.

गुरुवारी आधी बर्फ, मग पाणी. उलटे केले तर ओल्या केसांनी गोठणाऱ्या थंडीत जावे लागते. कोट तिथे मिळतो, जाड मोजे आपले न्यावेत. वॉटर पार्क त्यानंतर संध्याकाळपर्यंत, घाई न करता.

ऋतूबद्दल थोडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला. पावसाळ्यात विजा-पाऊस आला की उघड्यावरच्या राइड्स थांबतात, कोकण रेल्वेच्या वेळा बदलतात, कॅसलरॉक-कुळे घाटात दरड आली तर बंगळुरूची गाडीही अडकते. आणि एक गोष्ट गोवेकरांच्या लक्षात येत नाही: आपला परतीचा प्रवास पनवेलहून खाली, म्हणजे चाकरमानी ज्या दिशेने गावी निघतात त्याच दिशेने. चवथ आणि शिमग्याच्या आधीचा आठवडा, मेची सुरुवात, नाताळ या दिवसांत ते तिकीट मिळणे कर्मकठीण. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पहिल्यांदा परतीचे तिकीट काढा, मग यशवंतपूरचे, मग विमान. हॉटेल आणि पार्क सर्वांत शेवटी, तारखा पक्क्या झाल्यावर.

स्वतःची गाडी असेल तर बंगळुरू वगळून फक्त इमॅजिकाला चार दिवस द्यावेत. अशा वेळी पनवेलपर्यंत चढायचे कारण नाही. कोलाडनंतर वाकण फाट्याला पालीकडे वळले की तो रस्ता बल्लाळेश्वरावरून थेट इमॅजिकाच्या दारात येतो. रेल्वेने जाणाऱ्यांना शुक्रवारी अकराला खोली सोडल्यावर पालीचा बल्लाळेश्वर आणि खोपोलीजवळच्या महडचा वरदविनायक, असे अष्टविनायकांतले दोन आरामात होतात. नकाशात शोधताना चवदार तळ्याचे महाड देऊ नका, ते मुंबई-गोवा महामार्गावर खूप खाली आहे. खालापूर तालुक्यातले महड हवे.

रात्री जेवून पनवेल स्थानक. कोकणकन्या मुंबईहून शुक्रवारी रात्री सुटते, पण पनवेलला पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. पनवेलहून तिकीट काढताना तारीख शनिवारची टाकावी लागते. शुक्रवारची टाकली तर ते तिकीट आदल्या रात्रीच्या गाडीचे असते, आणि हे फलाटावर उभे राहिल्यावरच कळते. मुंबईहून तिकीट काढून चढण्याचे स्थानक पनवेल ठेवले असेल तर तारीख शुक्रवारचीच. पेडणे, डिचोली, म्हापशाकडच्यांनी थिवीचे तिकीट काढावे, मडगावपर्यंत जाऊन मागे येण्यात सकाळ जाते.