हडप्पा की सातवाहन: अभ्यासाला एकच काळ घ्यायचा झाला तर

नोकरी-संसार सांभाळून प्राचीन इतिहासाचा नेटाने अभ्यास करणारी माणसं आता बरीच भेटतात. पहिलं वर्ष सगळ्यांचं सारखंच जातं. हाताला लागेल ते वाचायचं आणि सुट्टीत जमेल ते लेणं, जमेल ते वस्तुसंग्रहालय बघून यायचं. मग कधीतरी वाटायला लागतं, की आता एकच काळ धरावा आणि त्यात मुरावं. आपल्याकडच्या माणसापुढे तेव्हा साधारण दोन वाटा असतात: हडप्पा संस्कृती, नाहीतर सातवाहनांचा दख्खन. मी पहिल्या वाटेने चार वर्षं चाललो. दुसरीवर सातवं वर्ष सुरू आहे. दोन्हीकडचं जे अनुभवलं ते सांगतो. महास्नानगृह, गटारं, वृषभाची मुद्रा, चैत्य (प्रार्थनेचं लेणं) आणि विहार (भिक्खूंच्या राहण्याचं लेणं) यांतला फरक हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी हडप्पाबद्दल, कारण त्या वाटेचं ऋण माझ्यावर मोठं आहे. पुराव्याशी प्रामाणिक कसं राहायचं ते मी तिथे शिकलो. सगळा इतिहास वस्तूंतून काढायचा असल्यामुळे वीट, वजन, मणी, राख यांकडे बघायची नजर तयार होते. उंची, रुंदी आणि लांबी यांचं 1:2:4 हे विटांचं प्रमाण, किंवा दुपटीदुपटीने वाढत जाणारी चर्ट दगडाची घनाकृती वजनं, हे पुस्तकात वाचताना कोरडं वाटतं. पण शेकडो कोसांवरच्या दोन गावांतली वजनं एकमेकांशी जुळतात हे ध्यानात आलं, की त्यामागची शिस्त अंगावर येते. कच्छमधल्या धोलाविराला मी एकदाच गेलो. भुजहून निघालो आणि रण ओलांडून खदिर बेटावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पावसाचा भरवसा नसलेल्या त्या मुलखात मनसर आणि मनहर या दोन नाल्यांचं पाणी अडवून लोकांनी एवढं नगर जगवलं. पूर्वेच्या मोठ्या तलावाच्या काठावर उभं राहिल्यावर मला बोलायला सुचत नव्हतं. 2021मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. माझ्या मते तो फार उशिरा मिळाला.

गुजरातमधल्याच लोथलला मात्र मी तसा भारावलो नाही. सुमारे 219 मीटर लांब आणि 37 मीटर रुंद असा तो विटांनी बांधलेला हौद. उत्खनन करणाऱ्या एस. आर. राव यांनी त्याला गोदी म्हटलं, पुढे काही अभ्यासकांनी तो पाणी साठवण्याचा तलाव असल्याचं मांडलं. मी दोन्ही बाजूंचं वाचून गेलो होतो. काठावर तासभर बसलो आणि जसा गेलो तसाच परत आलो. नजरेने ठरेल अशी ती गोष्ट नाही. तिथे मनात पहिल्यांदा एक कुरकुर सुरू झाली, आणि पुढे दोन वर्षं ती वाढत गेली.

ती कुरकुर म्हणजे 'बहुधा' हा शब्द. हडप्पाच्या अभ्यासात तो पानापानावर येतो, आणि यायलाच हवा, कारण लिहिणारे प्रामाणिक आहेत. हा बहुधा पुरोहित, हे बहुधा कोठार, ही बहुधा देवी. लिपी वाचता येत नाही तोवर दुसरं काही म्हणताही येत नाही. इरावतम महादेवन यांनी 1977मध्ये सगळ्या लेखांची सूची केली, तीत 417 चिन्हं धरली आहेत. लेखाची सरासरी लांबी साधारण पाच चिन्हं. एवढ्याशा मजकुरावर कसं आणि किती वाचणार? 2004मध्ये तर काही अभ्यासकांनी ही लिपीच नव्हे असं मांडलं. 2025च्या जानेवारीत तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी उलगडा करणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं, आणि तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी 'लिपी वाचली गेली' असं मला कळवत असतं. मी प्रत्येक वेळी आशेने वाचतो.

धोलाविरातच उत्तरेच्या दरवाजापाशी तो प्रसिद्ध फलक सापडला. जिप्समच्या तुकड्यांतून घडवलेली दहा मोठी चिन्हं. दारावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावीत अशी लावलेली असावीत. म्हणजे ती वाचणारे लोक होते. त्यांना काय सांगायचं होतं, ते आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

तरीही मी ती वाट सोडली नव्हती. सोडली ती एका शाळेतल्या प्रश्नानंतर. सहावीच्या वर्गात हडप्पावर बोलायला मला बोलावलं होतं. चित्रं दाखवली, वजनं समजावली, मुलं रंगून ऐकत होती. शेवटी एका मुलीने विचारलं, "काका, तिथल्या एका माणसाचं नाव सांगा ना."

माझ्याकडे नाव नव्हतं. कुणाकडेच नाही. एवढी नगरं, सातशे वर्षांचा भरभराटीचा काळ, आणि त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून वाचता येईल असं एकाही माणसाचं नाव आपल्या हाती नाही. घरी येऊन मी पुन्हा शोधलं. जवळात जवळचा सापडला तो शू-इलिशू, मेसोपोटेमियातला दुभाषा. मेलुहाची, म्हणजे अभ्यासक सिंधूच्या प्रदेशाशी जोडतात त्या देशाची, भाषा तो जाणत होता असं त्याच्या मुद्रेवर लिहिलं आहे. ती मुद्रा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पण नाव अक्कादी, म्हणजे मेसोपोटेमियाच्या भाषेतलं, आणि मजकूरही अक्कादीच. मेलुहाबद्दल बोललं कुणी, तर शेजाऱ्याने. त्या रात्री मला स्वच्छ कळलं, की मला माणसांशी ओळख करून घ्यायची आहे आणि इथे ती होत नाही. ही माझी अडचण आहे, विषयाची उणीव नव्हे, हे मुद्दाम सांगतो.

सातवाहनांकडे वळलो तेव्हा ब्राह्मी, म्हणजे त्यांच्या लेखांची लिपी, येत नव्हती. रोज रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास गिरवली, तिसऱ्या आठवड्यात अडखळत वाचता यायला लागली. आपण देवनागरी लिहिणारे, बाराखडीची रीत अंगवळणी पडलेले, त्यामुळे नवी शिकायची ती फक्त वळणं. अधिकचं चिन्ह म्हणजे क, नुसतं वर्तुळ म्हणजे ठ, वर्तुळात ठिपका दिला की थ. एवढं कळलं तरी डोळा धीट होतो. 1837मध्ये जेम्स प्रिन्सेपला ही लिपी उलगडली, तेव्हा सांचीच्या कठड्यांवरच्या लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोन अक्षरांनी त्याला वाट दाखवली होती: 'दानं'. आपल्या लेण्यांत त्याच अर्थाने बहुतेकदा 'देयधम', म्हणजे दानधर्म, हा शब्द भेटतो. जोडाक्षरं दुहेरी लिहायची पद्धत नव्हती, म्हणून धम्मचं धम आणि सेट्ठीचं सेठि. हे एकदा कळलं की निम्मी अडचण सरते.

आणि भाषा! प्राकृत शिकायला वेगळा वेळ द्यावा लागतो हे खरं, पण मराठी माणूस तिथे परका नसतो. लेण्याला तेव्हाही 'लेण'च म्हणत. पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हणत, आणि लेण्यांचे अभ्यासक आजही तोच शब्द वापरतात. नाशिकच्या पांडवलेण्यात दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, सातवाहनांचा प्रतिस्पर्धी क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. माझ्या मते मराठी वाचकाने पहिल्यांदा नीट वाचावा असा लेख हाच. त्याने तीन हजार कहापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण. त्या पाऊणसाठी लेखातला शब्द आहे 'पायून'. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही लिहून ठेवलं आहे: 'अपडिदातवा वधिभोजा'. लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कहापण मिळावेत असं पुढे येतं, आणि तिथे 'वीसाय', 'बारसक' असे आकडे आहेत. मी नाशिकहून परतताना गाडीत हिशेब मांडला. दोन हजारांचं महिन्याचं व्याज वीस, वर्षाचं दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैसा न् पैसा जुळला! जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाच हिशेब करून दगडात कोरायला दिला होता, आणि तो माझ्या हातात बरोबर आला. त्या दिवशीचा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

इथे एक पुरावा दुसऱ्याला पडताळता येतो, हा मोठा फायदा. पांडवलेण्यातल्याच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, लेख आहे. मुलगा गेल्यावर आईने नातवाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात कोरवलेला. त्यात गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचं, म्हणजे नहपानाचं, कूळ निःशेष केलं असं म्हटलं आहे. आईने मुलाचं कौतुक केलं असं म्हणून ते बाजूला ठेवता आलं असतं. पण 1906मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचे ठसे उमटवलेले निघाले. आईचा शब्द खोटा नव्हता.

आता या वाटेचे काटेही सांगायला हवेत. सातवाहनांची सुरुवात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात धरायची की पहिल्या, यावर अजून वाद आहे. नहपानाच्या लेखांतली 41 ते 46 ही वर्षं नेमकी कोणत्या गणनेतली, यावरही आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहनांचा मोठा लेख जागोजागी झिजला आहे. तिथल्या राजघराण्याच्या मूर्तींपैकी पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. वर कोरलेली नावं मात्र आहेत: 'देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो'. सामान्य माणसाचं घर, चूल, गल्ली बघायची तर हडप्पाचं पारडं निःसंशय जड. पैठण, तेर इथे उत्खननं झाली, पण जुन्या गावावर आजचं गाव वसलेलं असल्याने अख्खं नगर उघडं पडलेलं दिसत नाही. आणि लेखाची ओळ वाचायला ऊन तिरकं पडावं लागतं. कितीदा मी भर दुपारी पोचलो आणि अक्षर न दिसता परतलो.

जाण्यायेण्याचा मुद्दाही लहान नाही. मोहेंजोदडो आणि हडप्पा सीमेपलीकडे आहेत, धोलाविरा आणि हरियाणातली राखीगढी दूर. वर्षातून एक फेरी झाली तरी पुष्कळ. जुन्नरभोवतीच्या चार डोंगरांत मिळून दोनशेहून जास्त लेणी आहेत, आणि पुण्यातून सकाळी निघून रात्री घरी येता येतं. वाचलेलं शंकास्पद वाटलं तर पुढच्या रविवारी जाऊन पुन्हा बघता येतं. अभ्यासाला हे फार लागतं. वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकाने या लेखांवर मराठीतच मोठं काम करून ठेवलं आहे, ही सोयही मोलाची.

तुमचा ओढा विज्ञानाकडे असेल, हाडं, बी-बियाणं, धातू, डीएनए यांत रस असेल, तर हडप्पाच घ्या असं मी मनापासून म्हणेन. राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळालेल्या डीएनएवरचं संशोधन 2019मध्ये आलं, आणि त्या एका शोधनिबंधाने किती प्रश्न नव्याने उभे केले! तिथे पुढची पन्नास वर्षं काम आहे. न उलगडलेल्या गोष्टीसोबत शांतपणे राहता येणाऱ्यांसाठी ती वाट उत्तम आहे. दोन्ही सुटवत नसेल तर प्रवरेकाठचं दायमाबाद बघा. 1974मध्ये तिथे सापडलेले ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळून साठ किलोंहून जास्त भरतात, आणि उत्तरकालीन हडप्पा संस्कृतीचा धागा तिथे आपल्याच मातीत येऊन पोचतो. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, हेही लक्षात असू द्या.

पण अजून मन ठरत नसेल, तर एक करा. पंधरा दिवस ब्राह्मी गिरवा आणि एकदा सकाळी लवकर कार्ल्याला जा. गर्दी व्हायच्या आत. वैजयंतीचा सेठी भूतपाल आपल्या शैलगृहाला जंबुद्वीपात उत्तम म्हणतो, तो लेख सगळे दाखवतात, तो बघाच. मग दारापाशी धेनुकाकट गावच्या एका कारागिराचं नाव शोधा. चैत्याचं दार त्याने केलं. 'वढकिना सामिना', असं लिहिलं आहे. सामी नावाचा वढकी, म्हणजे सुतार. माझं आजोळ वर्ध्याकडचं. तिकडे सुताराला आजही वाढई म्हणतात, आणि माझे आजोबा वाढई होते.