खडखड तशीच, बास तेवढा गेला

जुनी ऑडी टीटी किंवा बीएमडब्ल्यू झेड फोर घेतली की आधीच्या मालकाने बसवलेले ॲम्प्लिफायर आणि सबवूफर (फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर) बऱ्याचदा गाडीसोबतच येतात, आणि त्यांच्या मागोमाग दारांची, डिकीची खडखड. त्यावर बेळगाव-निपाणीकडे ‘फुल डॅम्पिंग’चं, म्हणजे पत्रा थरथरू नये म्हणून त्यावर आतून जड चिकट शीट लावायचं, पॅकेज सुचवलं जातं. दोन दिवसांनी गाडी न्यायला गेलं की तेच गाणं, तेवढाच व्हॉल्यूम. “बघा की मालक, कसं गप्प झालंय!” गप्प झालेलं असतंच. फक्त ॲम्प्लिफायरवरचा हाय-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचा जाड आवाज अडवणारा खटका) 60 हर्ट्झवरून 150 वर सरकलेला असतो आणि हेडयुनिटमधला, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टीममधला, बास उणे पाचवर. दार हलवणारा आवाज दारापर्यंत पोचतच नाही, मग खडखडणार काय?

सबवूफर असलेल्या गाडीत दारातल्या स्पीकरला 80 हर्ट्झच्या आसपास फिल्टर लावणं मुळात योग्यच आहे. पण तो स्क्रू-ड्रायव्हरने अर्ध्या मिनिटात फिरवायचा खटका. त्यासाठी डॅम्पिंगचं बिल द्यायचं नसतं.

म्हणून गाडी सोपवण्याआधी इक्वलायझर, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरचा तोल), सबवूफर लेव्हल, आणि ॲम्प्लिफायरवरचे गेन, फिल्टर, बास बूस्ट या सगळ्या खटक्यांचे मोबाइलवर फोटो काढावेत. परत घेताना खटके त्याच जागी आणूनच ऐकायचं. गाणं लावून तपासणी होत नाही. 20 ते 200 हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा टोन लावायचा. एकाने आत बसून डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण), स्पीकरची जाळी, डॅशबोर्डची कड, सीटबेल्टची बकल एकेक करून तळव्याने दाबत जायचं. दुसऱ्याने बाहेर नंबरप्लेट आणि मागचं झाकण धरायचं. दाबल्यावर जिथे आवाज थांबेल तिथे मास्किंग टेप, टेपवर हर्ट्झचा आकडा. मग काचा अर्ध्या खाली घेऊन पुन्हा एकदा: या गाड्यांच्या दारांना वर चौकट नसते, त्यामुळे अर्धी उतरलेली काच चॅनेलमध्ये सैल असेल तर तीच कुरकुरते. हा नकाशा हातात नसताना पॅकेज ठरवणं म्हणजे डोळे मिटून सही करणं. कित्येकदा सगळा गोंधळ निव्वळ नंबरप्लेटचा निघतो आणि मागे चार फोमचे तुकडे चिकटवले की संपतो.

दार खरंच उघडायचं असेल तर कामाचा क्रम असा. डोअर पॅड काढताना पांढऱ्या क्लिपा तुटतात. त्या नव्याच घालायच्या, कारण जुनी सैल क्लिप हीच पुढची खडखड. बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून स्पीकरच्या मागे आणि पत्र्याच्या मधोमध 2 मिलिमीटरची ब्युटाइल (चिकट रबरासारखी) शीट लावायची, वरचा नक्षीचा उठाव सपाट होईपर्यंत रोलरने दाबायची. पत्र्याचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी पुरे होतं. वायरी आणि लॉकचे रॉड कापडी टेपने गुंडाळायचे. स्पीकरच्या कडेला फोमची रिंग हवी, नाहीतर त्याची हवा पॅडच्या मागे शिरून पॅडच वाजवते.

दुसरी लबाडी मालातली. ब्युटाइलच्या नावाखाली गळक्या पत्र्याला लावतात ती चंदेरी डांबरी टेप. एप्रिलच्या उन्हात गाडीत डांबराचा वास सुटतो, पट्टी घसरते आणि काचेच्या यंत्रणेत जाऊन बसते. उरलेला तुकडा मागून घ्यावा. ब्युटाइल ओढलं की च्युइंगगमसारखं ताणतं. डांबरी पट्टी थंडीत वाकवली की चिरते, लायटर जवळ नेला की रस्त्याच्या कामाचा वास येतो.

बिलातला आकडाही पडताळावा. दार एक मीटर बाय अर्धा मीटर धरलं, तर दोन्ही दारं आतून-बाहेरून पूर्ण मढवली तरी दोन चौरस मीटर, म्हणजे साडेएकवीस चौरस फूट. बिलावर 36 फूट असतील तर उरलेलं कुठे लावलं ते विचारावं.

खानापूर-जांबोटी-चोर्लाच्या वाटेवर गाडी चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. घाईत डोअर पॅडमागचा पाणी अडवणारा पडदा फाडतात किंवा शीट दाराच्या तळाच्या, पाणी निघून जायच्या भोकांवर चिकटवतात. पहिल्या मोठ्या पावसात कार्पेट भिजतं, दारात पाणी साचून पत्रा आतून गंजतो. गाडी ताब्यात घेताना काचेच्या बाहेरून मगभर पाणी ओतायचं. थोड्या वेळात ते दाराखालून ठिबकलं पाहिजे, आत नाही.

तक्रारीला राज्याची सीमा आडवी येत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते. दुकान बेळगावात असलं तरी चंदगडच्या ग्राहकाला कोल्हापुरात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. हेल्पलाइन 1915. मात्र बिलावर ‘डॅम्पिंग’ एवढंच नको. माल कोणता, जाडी किती, किती चौरस फूट, कोणत्या पत्र्यांवर, हे लिहून घ्यावं, आणि मागून घेतलेला तुकडा त्याच बिलासोबत पिशवीत ठेवावा.