चालणं की वजनं उचलणं?

वहिनीचा प्रश्न: "चाळिशीनंतर चयापचय मंदावतं म्हणे. मग तासभर चालू की जिमला जाऊ?"

आधी तो समज बाजूला ठेवू. 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात, शरीराच्या घडणीचा हिशेब धरला तर 20 ते 60 वयात चयापचय जवळपास स्थिर दिसलं. घटतात ते स्नायू आणि हालचाल.

आता उष्मांक. 70 किलोच्या माणसाचे तासभर भरभर चालून साधारण 300 खर्च होतात. वजनं उचलताना तेवढेही जातीलच असं नाही, कारण निम्मा वेळ दम घेण्यात जातो. 'स्नायू कमवा, झोपेतही चरबी जाळा' ही जाहिरात तर विसराच. एक किलो स्नायू बसल्याजागी दिवसाला 13 च्या आसपास उष्मांक खातो, एक किलो चरबी साडेचार. महिनोन्महिने घाम गाळून दोन किलो स्नायू कमावले, तरी हाती येते जेमतेम पाव पोळी!

पण खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झडतात. तिथे वजनं कामाला येतात. चालण्याने ते तितकंसं साधत नाही.

खर्चात चालणंच स्वस्त, बरे बूट पुरतात. जिमची वर्षाची फी भरून फेब्रुवारीत गायब होणारे आपण सगळेच ओळखतो.

आजवर व्यायामच नसेल, वजन बरंच जास्त असेल, तर चालण्यापासून सुरुवात करावी. आहार आधीच आवरला असेल किंवा पन्नाशी जवळ आली असेल, तर आठवड्यातून दोनदा वजनं. वहिनीला मी वजनंच सुचवली आहेत. चालते ती तशीही रोज, भाजी आणायला.